पराभवातून जन्मलेले शास्त्र

विश्वविद्यालयाच्या पहिल्या वर्षी राज्यशास्त्र हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे पाठ्यपुस्तक पडते, त्याची अनुक्रमणिका बहुधा ठरलेली असते. आरंभी राज्य म्हणजे काय, सार्वभौमत्व म्हणजे काय, ह्या व्याख्या. मग शासनाचे प्रकार. आणि त्यानंतर एकेका देशाची राज्यघटना. इंग्लंडात राजा आहे, पण सत्ता मंत्रिमंडळाची. अमेरिकेत अध्यक्ष आहे, पण काँग्रेसने अविश्वास दाखवून त्याला घरी पाठविता येत नाही. स्वित्झर्लंडात सात जणांचे मंडळ कारभार पाहते. फ्रान्समध्ये अध्यक्षही आहे आणि पंतप्रधानही आहे. विद्यार्थी वहीत उभ्या आडव्या रेघा मारून कोष्टक आखतो, परीक्षेच्या आदल्या रात्री ते पाठ करतो आणि परीक्षा संपल्यावर विसरून जातो. परक्या देशांच्या ह्या चौकशा करून मिळवायचे काय, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी कधी विचारतात. आणि त्या प्रश्नाला विद्यार्थ्यापाशी बहुधा उत्तर नसते.

ते उत्तर ह्या विषयाच्या इतिहासात सापडते. ज्योतिषाचा उगम आकाशाविषयीच्या कुतूहलात झाला, भूमितीचा उगम जमिनीच्या मोजणीत झाला, असे म्हणतात. तौलनिक राज्यशास्त्राचा इतिहास चाळला, तर त्याच्या जवळजवळ प्रत्येक नव्या प्रकरणाच्या आधी एखादे राज्य कोसळलेले आढळते. आपले घर का पडले आणि शेजाऱ्याचे का टिकले, हा प्रश्न पराभूत समाजातील विचारी माणसांना जेव्हा स्वस्थ बसू देईना, तेव्हा तेव्हा त्यांनी इतरांच्या राज्यघटना उघडून पाहिल्या. ते कोष्टक अशा प्रकारे प्रथम आखले गेले.

ह्या परंपरेचा आरंभ अथेन्समध्ये होतो. ख्रिस्तपूर्व ४०४ साली स्पार्टाने अथेन्सचा पाडाव केला. त्यामागून तीस जुलमी शासकांची राजवट आली. ती गेली आणि लोकशाही परतली. आणि त्या परतलेल्या लोकशाहीने ख्रिस्तपूर्व ३९९ साली सॉक्रेटिसाच्या हाती विषाचा प्याला दिला. पुढे ख्रिस्तपूर्व ३३८ साली कायरोनियाच्या रणांगणावर मॅसिडोनियाच्या फिलिपने ग्रीक नगरराज्यांच्या स्वातंत्र्याचा शेवट केला. त्यानंतर तीनच वर्षांनी ॲरिस्टॉटलने अथेन्समध्ये लायसियम ही आपली पाठशाळा काढली. तो स्टॅगिराचा रहिवासी, म्हणजे अथेन्समध्ये परका. त्याला तेथे मत देण्याचा हक्क नव्हता, जमीन विकत घेण्याचाही नव्हता. ज्या नगराचा कारभार तो न्याहाळीत होता, त्या कारभारात त्याला स्वतःला कोठेच स्थान नव्हते. आणि कदाचित म्हणूनच तो त्याकडे तटस्थपणे पाहू शकला.

त्याच्या पाठशाळेने १५८ राज्यांच्या घटनांचे वृत्तान्त गोळा केले, असे प्राचीन ग्रंथकार सांगतात. राज्याविषयी विचार करणारे त्याच्या पूर्वीही होऊन गेले होते. त्याचा गुरू प्लेटो ह्याने तर आदर्श राज्याचे संपूर्ण चित्र रेखाटले होते. ॲरिस्टॉटलने निराळा मार्ग धरला. प्रत्यक्ष असलेली राज्ये कशी चालतात, कशाने बिघडतात आणि कशाने सावरतात, ह्याच्या नोंदी त्याने आधी जमविल्या आणि त्यांवरून निष्कर्ष काढले. त्याच्या ‘पॉलिटिक्स’ ह्या ग्रंथाचा पाचवा भाग राज्यक्रांतीच्या कारणांना वाहिलेला आहे. एका बाबतीत समान असलेली माणसे सर्वच बाबतींत समानता मागू लागतात, आणि संपत्तीने वरचढ असलेली माणसे सर्वच बाबतींत वरचढपणा मागू लागतात. ह्या दोन मागण्यांच्या ओढाताणीत राज्ये फुटतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. मध्यम स्थितीतील लोक जेथे पुष्कळ, तेथे राज्य टिकाऊ, हेही त्याने त्याच पद्धतीने ताडले. ग्रीकांच्या बरोबरीने त्याने कार्थेज ह्या अग्रीक राज्याचीही घटना तपासली आणि तिची वाखाणणी केली. तरीही गुलाम आणि स्त्रिया त्याच्या नागरिकत्वाच्या कल्पनेत कधीच शिरू शकल्या नाहीत. तुलना करणारा मनुष्य कितीही चौकस असला, तरी कोणाची तुलना करावयाची हे तो आधीच ठरवून बसलेला असतो. ह्या शास्त्राचा हा दोष त्याच्या जन्मापासूनचा आहे.

त्या १५८ वृत्तान्तांपैकी अथेन्सच्या घटनेचा तेवढा एक बराचसा हाती लागला आहे, आणि तोही चमत्कारिक रीतीने. ईजिप्तमध्ये मिळालेल्या एका पपायरसाच्या गुंडाळीवर एका बाजूस शेतीचा जमाखर्च लिहिलेला होता. कागद वाया जाऊ नये म्हणून त्याच्या पाठीवर कोणी तरी हा ग्रंथ उतरून घेतला होता. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने तो १८९१ साली प्रसिद्ध केला. योगायोग असा की, कौटिल्याचे अर्थशास्त्रही त्याच सुमारास विस्मृतीतून वर आले. म्हैसूरच्या ग्रंथालयात १९०५ साली त्याचे हस्तलिखित आर. शामशास्त्री ह्यांच्या हाती आले आणि १९०९ साली त्यांनी ते छापून काढले. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले म्हणजे पद्धतींतील भेद ठळकपणे दिसतो. कौटिल्य पूर्वाचार्यांची मते एकेक करून मांडतो, खोडतो आणि शेवटी आपला निर्णय देतो. म्हणजे तो मतांची तुलना करतो. ॲरिस्टॉटल राज्यांची तुलना करतो. तथापि कौटिल्याने अकराव्या अधिकरणात लिच्छवी, वृजी, मल्ल इत्यादी संघराज्यांचा विचार केला आहे. मात्र तो संघांत फूट कशी पाडावी, ह्या राजाच्या दृष्टीने. एकाचा प्रश्न राज्य का फुटते हा, तर दुसऱ्याचा ते कसे फोडावे हा. सामग्री मात्र बरीचशी एकच.

विश्वविद्यालयातील विषय म्हणून राज्यशास्त्राला स्वतःचे घर मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. स्वीडनमधील उप्साला येथे १६२२ साली वक्तृत्व व राज्यकारभार ह्यांचे एक अध्यासन स्थापन झाले होते, पण तो अपवाद होय. इतरत्र हा विषय कधी नीतिशास्त्राच्या, कधी कायद्याच्या, तर कधी इतिहासाच्या ओसरीवर बसलेला असे. अमेरिकेत त्याला घरात घेणारे पहिले मोठे नाव फ्रान्सिस लीबर ह्यांचे. हे मूळचे बर्लिनचे. कोवळ्या वयात १८१५ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते जखमी झाले. पुढे उदारमतवादी म्हणून प्रशियाच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. आणि १८२७ साली ते अमेरिकेस पोहोचले. दक्षिण कॅरोलायनाच्या कॉलेजात वीस वर्षे अध्यापन केल्यावर १८५७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजाने त्यांना इतिहास व राज्यशास्त्र ह्या विषयांचे प्राध्यापक नेमले.

चारच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, आणि राज्य कसे फुटते हा वर्गातील प्रश्न प्राध्यापकांच्या घरात शिरला. थोरला मुलगा ऑस्कर दक्षिणेच्या सैन्यात गेला आणि १८६२ साली जखमांनी मरण पावला. दुसरा मुलगा हॅमिल्टन उत्तरेच्या बाजूने लढताना त्याच वर्षी फोर्ट डोनेल्सन येथे एक हात गमावून बसला. पुढच्या वर्षी, १८६३ साली, युद्धात सैन्याने कसे वागावे ह्याची जी नियमावली अध्यक्ष लिंकन ह्यांच्या सरकारने जारी केली, ती मुख्यत्वे लीबर ह्यांनीच लिहिली होती. तिच्यातील कैद्यांविषयीची व निःशस्त्र नागरिकांविषयीची कलमे पुढील आंतरराष्ट्रीय करारांना आधारभूत झाली. एका पराभूत बापाने लिहिलेले ते पुस्तक आहे, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असते.

त्याच दशकाच्या अखेरीस युरोपात फ्रान्सवर संकट ओढवले. २ सप्टेंबर १८७० रोजी सेदान येथे सम्राट तिसरा नेपोलियन सैन्यासह शत्रूच्या हाती सापडला. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात, म्हणजे फ्रेंच राजांच्याच दिवाणखान्यात, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. त्या वसंत ऋतूत पॅरिसमध्ये कम्यूनचे बंड झाले आणि फ्रेंच सैन्यानेच ते रक्तात बुडविले. प्रशियाचा विजय तोफांपेक्षाही शाळामास्तरांचा व विश्वविद्यालयांचा आहे, असे त्या दिवसांत फ्रान्समध्ये बोलले जाई. एमिल बुत्मी ह्या गृहस्थांनी ते मनावर घेतले. इतिहासकार तेन ह्यांच्यासारख्या मित्रांच्या पाठिंब्याने त्यांनी वर्गणी जमविली आणि १८७२ च्या आरंभी पॅरिसमध्ये राज्यशास्त्राची एक स्वतंत्र, सरकारी अनुदानावाचून चालणारी शाळा उघडली. इतर देशांचे कायदे, अर्थकारण, राजनीती आणि परराष्ट्रसंबंध हे तिचे मुख्य विषय होते. स्वतः बुत्मी ह्यांनी १८८५ साली फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका ह्यांच्या घटनांवर तौलनिक ग्रंथ लिहिला. पाहता पाहता फ्रान्सच्या वकिलाती, अर्थखाते व वरिष्ठ न्यायमंडळे ह्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी भरून गेली. लंडनमध्ये सिडनी व बिॲट्रिस वेब ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८९५ साली ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ काढले, तेव्हाही पॅरिसच्या ह्या शाळेचे उदाहरण त्यांच्यासमोर होते.

परंतु ज्या शाळेचा जन्म पराभवात झाला, तिला दुसऱ्या पराभवाचा जाब द्यावा लागला. जून १९४० मध्ये फ्रान्स पुन्हा कोसळला. इतिहासकार मार्क ब्लॉक ह्यांनी त्या पराभवाची चिकित्सा करणारा ग्रंथ त्याच वर्षी लिहून ठेवला. धनिकांच्या व अधिकाऱ्यांच्या मुलांनाच अधिकारपदावर चढविणारी ही शाळा सामान्य जनतेपासून व लोकशाहीच्या भावनेपासून तुटली होती, हा त्यांच्या अनेक आक्षेपांपैकी एक. प्रतिकाराच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल १६ जून १९४४ रोजी जर्मनांनी ब्लॉक ह्यांना गोळ्या घातल्या. त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी, १९४५ साली, नव्या फ्रेंच सरकारने ती शाळा राष्ट्राच्या ताब्यात घेऊन तिची पुनर्रचना केली होती.

अमेरिकेत लीबर ह्यांच्यामागून कोलंबियात जॉन बर्जेस आले. गुलाम बाळगणाऱ्या, परंतु संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या टेनेसीच्या एका कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात होते. एका रात्री भर पावसात पहारा करीत असता जखमींचा आक्रोश त्यांच्या कानी पडत होता. माणसांनी आपले तंटे तलवारीवाचून, बुद्धीने कसे मिटवावेत हे शिकविण्यात आयुष्य घालवावे असा संकल्प आपल्या मनात त्या रात्री उगवला, असे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. पुढे जर्मनीत अध्ययन करून ते परतले आणि पॅरिसच्या शाळेचा कित्ता डोळ्यांपुढे ठेवून १८८० साली त्यांनी कोलंबियात राज्यशास्त्राची विद्याशाखा स्थापिली. राज्यशास्त्र व तौलनिक घटनाशास्त्र ह्यांवरील त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९० साली बाहेर पडला.

ह्या ग्रंथात इंग्लंड, अमेरिका, जर्मनी व फ्रान्स ह्या चार राज्यांची बारकाईने तुलना आहे. पण तिच्या पायाशी एक गृहीत आहे. राज्य निर्माण करण्याची प्रतिभा ट्यूटन वंशापाशीच असून, ज्यांच्या ठिकाणी ती नाही त्यांच्यावर राज्य करणे हे त्या वंशाचे कर्तव्यच होय, असे बर्जेस ह्यांनी तेथे बजावून सांगितले आहे. ज्या माणसाने रणांगणावर शांततेचे व्रत घेतले, त्यानेच परक्यांवरील राज्याला शास्त्राचा शिक्का दिला. आरंभीचा तो दोष येथे पराकोटीस पोहोचला.

नियतीने ह्या मताला दिलेले उत्तर त्याच विद्याशाखेच्या दारातून आत आले. बर्जेस १९१२ साली निवृत्त झाले, आणि १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव रामजी आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. अर्थशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र हे विषय त्या काळी तेथील राज्यशास्त्र विद्याशाखेच्याच छत्राखाली शिकविले जात. आंबेडकरांनी अर्थशास्त्राचे वर्ग सर्वांत अधिक घेतले. परंतु राज्य, कर, जात, कायदा ह्या सर्वांकडे एकाच वेळी पाहण्याची सवय त्यांना तेथे लागली. ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीविषयीचा आपला निबंध मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला. ज्यांना राज्य करण्याची प्रतिभाच नाही असे त्या विद्याशाखेच्या संस्थापकाने ठरविले होते, त्यांच्यापैकी एक विद्यार्थी पुढे जगातील एका सर्वांत मोठ्या लोकशाहीच्या घटनेचा शिल्पकार होणार होता.

पहिल्या महायुद्धानंतर ह्या शास्त्राला मोठा बहर आला. लॉर्ड ब्राइस ह्यांनी १९२१ साली आधुनिक लोकशाह्यांवर दोन खंड प्रसिद्ध केले. फ्रान्स, स्वित्झर्लंड, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे सहा देश त्यांनी निवडले; ज्या इंग्लंडच्या राजकारणात आपण चाळीस वर्षे वावरलो, त्याच्याविषयी आपण निःपक्षपाती राहू शकणार नाही, म्हणून ते मात्र त्यांनी मुद्दाम वगळले. एवढा प्रामाणिकपणा क्वचित आढळतो. पण ज्या देशावर ह्या शास्त्राची खरी कसोटी लागायची होती, तो देश त्या सहांत नव्हता.

युद्धात हरलेल्या जर्मनीने ११ ऑगस्ट १९१९ रोजी वायमार राज्यघटना स्वीकारली. तिचा मसुदा करणारे ह्यूगो प्रॉइस हे प्राध्यापक, आणि त्यांच्या सल्लागारांत माक्स वेबरसारखे पंडित. म्हणजे ही घटना बऱ्याच अंशी अभ्यासिकेतच तयार झाली. फ्रान्सची संसदीय पद्धती बिघडली आहे, कारण तेथील अध्यक्ष दुबळा आहे आणि त्यामुळे संसदेला तोलून धरणारे कोणी उरत नाही, असा सिद्धान्त कायदेपंडित रॉबर्ट रेडस्लोब ह्यांनी १९१८ साली तुलनेच्या आधारेच मांडला होता. प्रॉइस ह्यांना तो पटला. म्हणून जर्मनीला लोकांनी थेट निवडलेला बलवान अध्यक्ष मिळाला, आणि संकटकाळी कायद्याची बंधने बाजूस सारून आदेश काढण्याचा अधिकार अठ्ठेचाळिसाव्या कलमाने त्याच्या हाती आला. शेजाऱ्याच्या रोगावरचे औषध घरच्या माणसाला न तपासता दिले गेले.

त्याचा परिणाम आकड्यांतच पाहावा. १९३० साली जर्मन संसदेने ९८ कायदे केले आणि अध्यक्षांनी ५ आदेश काढले. १९३२ साली संसदेचे कायदे ५ आणि अध्यक्षांचे आदेश ६६. लोकशाही मोडण्यापूर्वीच ती वापरातून गेली होती. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. २८ फेब्रुवारीला त्याच अठ्ठेचाळिसाव्या कलमाखाली नागरिकांची मूलभूत स्वातंत्र्ये स्थगित झाली. आणि मार्चमध्ये घटनेने सांगितलेले दोनतृतीयांश मताधिक्य जमवून सरकारला संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार देण्यात आला. साम्यवादी सभासदांना सभागृहाबाहेर ठेवलेले होते. समाजवादी पक्षाची ९४ मते तेवढी विरोधात पडली. घटना रद्द झाल्याची घोषणा कधीच झाली नाही. तिचा खून तिच्याच कलमांनी, सर्व उपचार सांभाळून झाला.

त्या वर्षी जर्मनीच्या विश्वविद्यालयांतून ज्यांना हाकलण्यात आले, त्यांत राज्यशास्त्राचे व कायद्याचे कित्येक पंडित होते. ऑस्ट्रियाच्या १९२० च्या घटनेचे एक प्रमुख शिल्पकार हान्स केल्सेन ह्यांची कोलोनची जागा गेली. कार्ल लोव्हेन्श्टाइन म्युनिक सोडून अमेरिकेस गेले आणि लोकशाहीने आपल्या मारेकऱ्यांविरुद्ध स्वसंरक्षण केलेच पाहिजे, हा विचार त्यांनी १९३७ साली मांडला. कामगारांचे वकील फ्रान्झ नॉयमान लंडनला पळाले, तेथे हॅरोल्ड लास्की ह्यांच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थी झाले आणि नाझी राजवटीची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ १९४२ साली निघाला. पुढे तेही कोलंबियातच प्राध्यापक झाले. ह्या निर्वासितांनी आपल्याबरोबर एक प्रश्न नेला. जी घटना कागदावर इतकी निर्दोष होती, ती चौदा वर्षांत का मेली? कलमांच्या कोष्टकात ह्याचे उत्तर नव्हते. ते शोधावयाचे तर पक्ष, वर्ग, सैन्य, नोकरशाही, वृत्तपत्रे आणि जनतेचे मन ह्या सर्वांचा अभ्यास करावा लागणार होता. १९५४ साली अमेरिकेत तौलनिक राजकारणाचा विचार करणारी विद्वानांची समिती गॅब्रिएल आमंड ह्यांच्या अध्यक्षतेखाली बसली, आणि पुढल्याच वर्षी रॉय मॅक्रिडिस ह्यांनी, हा विषय पश्चिम युरोपच्या चार दोन देशांत व त्यांच्या कायदेपुस्तकांत अडकून पडला आहे, अशी कडक टीका केली. विषयाने कूस बदलली, ती ह्या अनुभवामुळे.

जर्मनीनेही धडा घेतला. २३ मे १९४९ च्या नव्या घटनेत अध्यक्षाची थेट निवडणूक गेली. नवा चॅन्सेलर निवडल्याखेरीज जुन्याला अविश्वासाने काढता येणार नाही, असे ठरले. आणि मानवी प्रतिष्ठा, लोकशाही व संघराज्य ह्यांची मूलतत्त्वे कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाहीत, असे कलम घालण्यात आले.

त्याच सुमारास दिल्लीत भारताची घटना समिती बसली होती. ९ डिसेंबर १९४६ रोजी तिची पहिली बैठक झाली. आणि तिचे काम चालू असतानाच देशाची फाळणी झाली, लक्षावधी माणसे घरांतून उखडली गेली. घटनाविषयक सल्लागार बेनेगल नरसिंग राव ह्यांनी निरनिराळ्या देशांच्या घटनांतील तरतुदी एकत्र करून सभासदांसाठी पुस्तिका छापल्या. १९४७ च्या अखेरीस ते अमेरिका, कॅनडा व आयर्लंड येथे जाऊन तेथील जाणत्यांना भेटले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर ह्यांनी त्यांना, कायद्याच्या ‘योग्य प्रक्रिये’विषयीचा अमेरिकन शब्दप्रयोग टाळण्याचा सल्ला दिला, त्या शब्दांचा आधार घेऊन तेथील न्यायालयांनी कामगारहिताचे कायदे मोडीत काढले होते. सल्ला मानला गेला, आणि जपानच्या घटनेतील शब्दरचनेच्या धर्तीवर ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. पण अमेरिकेतील दुखणे मालमत्तेच्या व कराराच्या हक्कांचे होते; भारतात त्याच औषधाने व्यक्तिस्वातंत्र्याचे कवच पातळ केले. ती उणीव भरून काढणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दिला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटनेचा मसुदा समितीपुढे मांडला. त्या भाषणात, विद्यार्थी जे कोष्टक पाठ करतो, त्यालाच जिवंत रूप आलेले दिसते. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक आणि जबाबदारी कमी. इंग्रजी पद्धतीत जबाबदारी अधिक आणि स्थैर्य कमी. मसुदा समितीने जबाबदारीला झुकते माप दिले आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. उसनवारीच्या आरोपालाही त्यांनी उत्तर दिले: घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचीच मालकी नसते, तेव्हा उसने घेण्यात लाज कसली? मात्र त्यांनी लगेच अथेन्सचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट ह्यांचा हवाला देऊन सांगितले की, घटनेला टिकवून धरणारी सांविधानिक नीतिमत्ता लोकांत आपोआप उगवत नाही. ती मशागतीने वाढवावी लागते, आणि भारतीयांना ती अजून शिकावयाची आहे. ॲरिस्टॉटलच्या नगराचा दाखला तेवीसशे वर्षांनी दिल्लीच्या सभागृहात असा कामास आला.

वायमारचे स्मरणही त्या सभागृहात झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालू असताना हरि विष्णु कामत ह्यांनी बजावले की, अशा तऱ्हेचे अधिकार लोकशाही देशांच्या घटनांत शोधू गेल्यास त्यांचे निकटचे साम्य वायमार घटनेशीच आढळते, आणि त्या अधिकारांचा उपयोग हिटलरने कसा केला हे जगजाहीर आहे. कलमे मंजूर झाली. २५ जून १९७५ रोजी अंतर्गत आणीबाणी घोषित झाली, तेव्हा त्या इशाऱ्याचा अर्थ एका पिढीला तुरुंगात बसून समजला.

परंतु वायमारचा आणखी एक धडा दुसऱ्या वाटेने भारतात आधीच येऊन पोहोचला होता. फेब्रुवारी १९६५ मध्ये हायडेलबर्गचे प्राध्यापक डीट्रिश कॉनराड ह्यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या कायदा विभागात एक व्याख्यान दिले. घटना दुरुस्त करण्याचा अधिकार घटनेलाच नाहीशी करण्याइतका मोठा असू शकतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. आणि १९३३ चा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. त्यांच्या युक्तिवादाचा उपयोग एम. के. नंबियार ह्यांनी १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात केला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींपैकी सातांनी असे ठरविले की, संसदेला घटना दुरुस्त करता येईल, तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. ह्या खटल्यात अर्जदाराची बाजू मुंबईचे नानी पालखीवाला ह्यांनी लढविली होती, आणि न्यायमूर्ती खन्ना ह्यांच्या निकालपत्रात कॉनराड ह्यांचा उल्लेख आहे. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयीन तपासणीतून वगळणारे घटनादुरुस्तीतील कलम नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असतानाच, ह्याच तत्त्वाच्या आधारे रद्द झाले. आणीबाणी मार्च १९७७ मध्ये उठली. आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे लवचीक कारण काढून त्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले.

बर्लिनमध्ये बुडालेल्या एका राज्याचा अनुभव बनारसच्या एका वर्गातून दिल्लीच्या न्यायासनापर्यंत गेला, ह्यापेक्षा ह्या विषयाच्या उपयोगाचा वेगळा पुरावा देण्याची आवश्यकता नाही. पण त्याच इतिहासात रेडस्लोब ह्यांचा सिद्धान्तही आहे आणि फ्रँकफर्टर ह्यांचा सल्लाही आहे. दोन्ही विद्वत्तापूर्ण आणि सद्‌भावाने दिलेले. दोहोंचीही किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली. परक्याची घटना उघडताना ती कोणत्या दुखण्यातून निर्माण झाली हे विचारावे, आणि मग आपले दुखणे तेच आहे काय, हे स्वतःला विचारावे. बनारसच्या व्याख्यानाचे यश आणि त्या दोन सल्ल्यांचे अपयश ह्यांतील अंतर एवढेच आहे.

१९७० साली रजनी कोठारी ह्यांनी भारतीय राजकारणावरील आपला ग्रंथ तौलनिक राजकारणाच्या आंतरराष्ट्रीय मालेत लिहिला. बर्जेस ह्यांच्या कोष्टकात ज्या देशाला रकाना नव्हता, तो देश आता त्या कोष्टकाचा एक मुख्य रकाना झाला आहे. इतक्या गरिबीत आणि इतक्या भेदांत येथे लोकशाही कशी टिकली, ह्याचा शोध परदेशचे विद्यार्थी आपल्या वर्गांत घेतात. इकडे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी वहीत रेघा मारून अध्यक्षीय व संसदीय पद्धतींतील भेद लिहीत बसलेला असतो. त्या रेघांच्या मागे सेदान आहे, फोर्ट डोनेल्सन आहे, १९३३ चे बर्लिन आहे आणि १९७५ ची दिल्ली आहे, एवढे त्याच्या शिक्षकांनी त्याला सांगितले, तर परीक्षेनंतरही ते कोष्टक त्याच्या ध्यानात राहील. आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नालाही तो उत्तर देऊ शकेल.